लुटला गेलेला वाटसरू : मराठी पायी प्रवासकथनांतील आत्मदर्शनाचा एक विचार

प्रस्तावना

कष्टाच्या प्रवासाने माणूस अंतर्मुख होतो, ही समजूत आपल्याकडे इतकी रुळलेली आहे की तिची तपासणी करावी असे सहसा कोणाला वाटत नाही. तीर्थयात्रेचे पुण्य पायपिटीच्या प्रमाणात वाढते असे परंपरा सांगते. आधुनिक समीक्षा हीच गोष्ट वेगळ्या शब्दांत मांडते. बाहेरचा प्रवास हा आतल्या प्रवासाचे प्रतीक आहे, असे वाक्य प्रवासवर्णनावरील बहुतेक शोधनिबंधांत कोठे ना कोठे आढळते. परंतु शरीर थकले म्हणजे मन आत वळतेच असे नाही. एकोणिसाव्या शतकात लक्षावधी माणसे पायी चालली; १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे लोहमार्ग सुरू झाल्यानंतरही कित्येक दशके ती चालतच होती. हमाल चालले, बैलांमागून लमाण चालले, पलटणींमागून बाजारबुणगे चालले. थकवा सर्वांच्या वाट्याला आला. स्वतःकडे नव्याने पाहण्याची वेळ मात्र थोड्यांवर आली आणि ते लिहून ठेवण्याची संधी त्याहून थोड्यांना मिळाली. तेव्हा नेमके काय घडले असता चालणारा माणूस स्वतःकडे वळून पाहतो, हा प्रश्न शिल्लक राहतो.

मराठीतील काही महत्त्वाच्या पायी प्रवासकथनांच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. ही कथने एकत्र ठेवून वाचली असता एक गोष्ट वारंवार समोर येते. या कथनांतील निर्णायक क्षण चढणीचा, उन्हाचा किंवा पायांना आलेल्या फोडांचा क्वचितच असतो. तो बहुधा लुटीचा असतो. घरून निघताना सोबत घेतलेली पुंजी, प्रतिष्ठा, जातीने दिलेले स्थान किंवा देवावरचा भरवसा यांपैकी काहीतरी वाटेत हिरावले जाते, आणि ते गेल्यावर जो उरतो त्याच्याकडे प्रवाशाला पाहावे लागते. श्रमाचे महत्त्व एवढेच की पायी चालणारा माणूस लुटला जाऊ शकतो. तो वाटेवर उघडा असतो.

पालखीची पूर्वपीठिका

वारकरी परंपरेत या गोष्टीची एक आख्यायिकाच आहे. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप एकोणिसाव्या शतकात हैबतरावबाबा आरफळकर यांनी दिले. ते शिंदेशाहीतील सरदार होते. ग्वाल्हेरहून गावी परतत असताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना लुटले व कैदेत ठेवले, कैदेत त्यांनी हरिपाठाचा आश्रय घेतला आणि सुटकेनंतर घरी न जाता आयुष्य माउलींच्या चरणी वाहिले, असे परंपरा सांगते. आख्यायिकेतील तपशील इतिहासाच्या कसोटीवर किती उतरतील हा भाग निराळा. येथे महत्त्वाचे इतके की, लष्करी शिस्तीचा जो सोहळा दिंड्यांच्या क्रमापासून तळावरच्या समाजआरतीपर्यंत आजही पाळला जातो, त्याचा उगम सांगताना परंपरेला लुटलेल्या वाटसरूची कथा सांगावीशी वाटली. सरदारकी गेली तेव्हा वारकरी सापडला, असा या कथेचा गाभा आहे.

भिक्षुकाची मुलूखगिरी

आख्यायिकेत जे सूत्ररूपाने आहे ते विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथात तपशिलाने येते. पेणजवळच्या वरसई गावचे हे भिक्षुक तिशीच्या उंबरठ्यावर असताना, मार्च १८५७ मध्ये, काका रामभट यांच्यासह उत्तरेकडे निघाले. निघण्याचे कारण आध्यात्मिक नव्हते. घरावर कर्ज होते, पेशवाई जाऊन चार दशके लोटली होती आणि कोकणातल्या भिक्षुकीवर कुटुंबाचे भागत नव्हते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार असल्याची वार्ता आली. अशा यज्ञात विद्वान ब्राह्मणाला भरघोस दक्षिणा मिळणार, हे उघड होते. कष्टाचा प्रवास आणि द्रव्यार्जन या दोन गोष्टी विष्णुभटांना परस्परविरोधी वाटत नाहीत आणि त्या लपवाव्यात असेही त्यांना वाटत नाही. हा मोकळेपणा नंतरच्या प्रवासलेखकांत दुर्मीळ झाला, हे नमूद करणे आवश्यक आहे.

महूच्या वाटेवर त्यांना शिपाई भेटले, काडतुसांची हकिकत कळली आणि पुढे काहीतरी भयंकर घडणार असल्याची सूचनाही मिळाली. तरीही काका-पुतणे परत फिरले नाहीत. रिकाम्या हाताने वरसईला जाण्यात अर्थ नव्हता. माळव्यातून ग्वाल्हेर व तेथून झाशी असा त्यांचा मार्ग झाला. या सर्व भागात कोणी दान दिले, विद्वानांचा मान कोठे कसा राखला गेला, पंक्ती कशा उठल्या याचे बारकाईने वर्णन येते. भिक्षुकाची नजर ही हिशेबी नजर असते. तिला दाता चटकन ओळखता येतो. या टप्प्यापर्यंत विष्णुभट स्वतःविषयी वेगळे काही सांगत नाहीत, कारण त्यांना स्वतःविषयी शंकाच नाही. आपण कोण आहोत हे दात्याच्या डोळ्यांत त्यांना रोज दिसत असते.

झाशीत ही व्यवस्था कोसळली. मार्च १८५८ च्या उत्तरार्धात सर ह्यू रोज याच्या फौजेने शहराला वेढा घातला, ३ एप्रिलला तटावर निर्णायक हल्ला झाला आणि त्यानंतरचे दिवस कत्तलीचे व लुटीचे होते. विष्णुभट त्या वेळी शहरातच होते. त्यांनी केलेले लुटीचे वर्णन प्रसिद्ध आहे. लूट बेभान नव्हती, तिला क्रम होता. मौल्यवान चीजवस्तूंपासून सुरू झालेली ती लूट भांडी, कापड आणि अखेर धान्यापर्यंत पोचली. दानाची मोजदाद करणारी तीच नजर येथे लुटीची मोजदाद करते. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाच्या नाशाचे दुःखही ते सांगतात, कारण त्या संग्रहातील पोथ्यांच्या प्रती करून घेण्यासाठी दूरदूरचे विद्वान येत असत. विष्णुभटांची स्वतःची कमाईही येथे गेली. ज्या दक्षिणेसाठी घर सोडले ती हातची गेली आणि जीव तेवढा वाचला. पुढच्या वाटेवरही ते पुन्हा लुटले गेले.

या ग्रंथातील सर्वांत चर्चित प्रसंग त्यानंतरचा, काल्पीच्या वाटेवरचा आहे. धुळीने माखलेली, पठाणी पोशाखातील राणी लक्ष्मीबाई विहिरीपाशी भेटते. तिला तहान लागली आहे. विष्णुभट पाणी शेंदून देण्यास पुढे होतात. आपण विद्वान ब्राह्मण आहात, हे काम आपण करू नये, असे सांगून ती स्वतः पाणी काढते आणि ओंजळीने पिते. आपल्यासारख्या विधवेला पोटापुरते मिळाले की पुरे होते, पण धर्माच्या अभिमानापायी आपण या कामात पडलो, अशा अर्थाचे उद्विग्न बोलही ती काढते.

राणीच्या चरित्रासाठी हा प्रसंग पुष्कळदा उद्धृत झाला आहे. विष्णुभटांच्या चरित्रासाठी त्याचा विचार फारसा झालेला नाही. काही आठवड्यांपूर्वी ती दाती होती आणि ते याचक होते. विहिरीच्या काठावर दोघेही धुळीने भरलेले, दोघेही लुटले गेलेले आहेत. याचक देऊ पाहतो आणि दाती घेण्यास नकार देते; नकार देताना ती त्याचा पूर्वीचा दर्जा त्याला परत करते. ती वाट अशी आहे की तेथे तो दर्जा सांभाळण्याचे प्रयोजनच उरलेले नाही, आणि तरीही तो सांभाळला जातो. विष्णुभटांनी या प्रसंगावर भाष्य केलेले नाही. आपल्याला काय वाटले हे ते सांगत नाहीत. पण निवेदनातील हिशेब येथे थांबतो आणि एका तहानलेल्या बाईच्या ओंजळीकडे पाहणारा माणूस दिसू लागतो. आत्मपरीक्षण म्हणजे ‘मी कोण’ असा उच्चार करणारा परिच्छेदच असला पाहिजे, असा आग्रह धरल्यास हा प्रसंग निसटतो.

पुढे चित्रकूट, प्रयाग, काशी अशी तीर्थे करून विष्णुभट गंगेची कावड घेऊन वरसईस परतले. त्या गंगेने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. द्रव्य आणण्यासाठी निघालेला मुलगा पाणी घेऊन आला, ही घटना एखाद्या कादंबरीकाराने रचली असती तर ती अति जुळवलेली वाटली असती. कर्जाचा प्रश्न त्या पाण्याने सुटला नाही, हेही विसरून चालणार नाही.

पंचवीस वर्षांचे अंतर आणि दोन आवृत्त्या

‘माझा प्रवास’ वाटेवर लिहिलेला नाही. चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून विष्णुभटांनी तो १८८३ च्या सुमारास, म्हणजे परतल्यावर सुमारे पाव शतकाने, मोडीत लिहून काढला, आणि आपल्या हयातीत तो छापू नये अशी अट घातली. बंडाच्या काळात झाशीत असणे ही इंग्रजी अमलात कागदावर सुरक्षितपणे उतरवण्याजोगी गोष्ट नव्हती. लेखकाच्या निधनानंतर १९०७ मध्ये वैद्यांनी तो प्रसिद्ध केला. परंतु प्रसिद्ध करताना त्यात फेरफार केले, काही भाग गाळला, भाषेवर हात फिरवला. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढली. म्हणजे जवळपास साठ वर्षे मराठी वाचकाने जे वाचले ते पूर्णतः विष्णुभटांचे नव्हते.

या संपादनाबद्दल वैद्यांना दोष देणे सोपे आहे. त्यांच्यापुढे सरकारची धास्ती होती, सुशिक्षित वाचकाची अभिरुची होती आणि १८५७ चा एक प्रत्यक्षदर्शी पुरावा जगापुढे आणण्याची निकड होती. तथापि या निकडीचा परिणाम असा झाला की ग्रंथाची ओळख ‘बंडाची हकिकत’ म्हणून रुजली. पुढील इतिहासकारांनीही त्यातील कोणता मजकूर डोळ्यांनी पाहिलेला व कोणता कानांनी ऐकलेला, याची छाननी केली. ही छाननी योग्यच होती, कारण बिठूर-कानपूरकडील पुष्कळ वृत्तान्त ऐकीव आहे. मात्र साधन म्हणून ग्रंथ तपासला गेला तेव्हा शीर्षकातील ‘माझा’ हा शब्द बाजूला पडला. स्वतःचे जीवित इतिहासाच्या तडाख्यात कसे सापडले हे सांगणारे हे अव्वल इंग्रजीतील महत्त्वाचे मराठी आत्मकथन आहे, या अंगाने त्याचा अभ्यास व्हावयास हवा होता. पदवी वर्गांतून तो आजही बहुधा इतिहासाच्या पूरक वाचनात किंवा प्रवासवर्णनाच्या आरंभीच्या परिच्छेदात उरकला जातो.

पाव शतकाच्या अंतराचाही येथे विचार केला पाहिजे. वाटेवर असताना माणूस जीव वाचवीत असतो. स्वतःकडे पाहण्यास त्याला उसंत नसते. पाहणे घडते ते नंतर, आठवणीत. पंचवीस वर्षांनंतर असंख्य विहिरींपैकी एकच विहीर लेखणीखाली येते, यातच जे काही आत्मदर्शन आहे ते आहे.

ज्यांच्याजवळ लुटण्याजोगे काही नव्हते

झाशी पडली त्याच एप्रिल १८५८ मध्ये पश्चिम घाटातील गंगामूळ येथे पंडिता रमाबाईंचा जन्म झाला, आणि विष्णुभटांचा ‘माझा प्रवास’ छापला गेला त्याच १९०७ साली रमाबाईंची आत्मनिवेदनपर साक्षही प्रसिद्ध झाली. हा केवळ योगायोग आहे. पण दोन्ही कथने शेजारी ठेवण्यास तो निमित्त पुरवितो. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडणारे विद्वान. कुटुंबाची उपजीविका श्रोत्यांच्या दानावर चाले. म्हणजे व्यवसायाच्या दृष्टीने विष्णुभट आणि डोंगरे कुटुंब एकाच वाटेवरचे होत. फरक असा की विष्णुभटांना परतण्यासाठी वरसई होती. डोंगऱ्यांना वाटेशिवाय घर नव्हते.

सत्तरच्या दशकातील दुष्काळात ही वाट प्राणघातक ठरली. दाते स्वतःच उपाशी असताना दान कोण देणार? १८७४ मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई व बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास चालत राहिले. दक्षिणेपासून पंजाबपर्यंत आणि तेथून बंगालपर्यंत त्यांनी हजारो मैलांची पायपीट केली. झेलमच्या काठी थंडीपासून बचावण्यासाठी वाळूत खड्डा करून त्यात स्वतःला पुरून घेतल्याची त्यांची आठवण वाचताना आजही अंगावर काटा येतो. अखेर १८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोचली आणि तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हणून गौरविले.

रमाबाईंच्या निवेदनातील आत्मपरीक्षण विष्णुभटांप्रमाणे प्रसंगाच्या आड दडलेले नाही. ते थेट आहे आणि कठोर आहे. उपवास केले, व्रते केली, जवळचे द्रव्य देवाब्राह्मणांवर खर्च केले, तरी उत्तर आले नाही. त्याहून मर्मभेदक भाग स्वतःच्या कुलाविषयीचा आहे. विद्येचा व जातीचा अभिमान असल्यामुळे हलके समजले जाणारे काम करून पोट भरण्यास आपण तयार झालो नाही, हे त्या लिहून ठेवतात. विहिरीवर राणीने विष्णुभटांना जो मान परत केला, त्याच मानामुळे एक कुटुंब उपाशी राहिले. ही दोन दृश्ये एकमेकांसमोर ठेवली की एकोणिसाव्या शतकातील भिक्षुकवृत्तीचा पेच जितका स्पष्ट होतो तितका तो सुधारकांच्या निबंधांतूनही क्वचितच होतो.

रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांची साक्ष ही त्यानंतरच्या श्रद्धेच्या भूमीवरून लिहिलेली असल्यामुळे चालण्याच्या वर्षांचे चित्र त्या श्रद्धेच्या उजेडात रंगले आहे, असा आक्षेप घेता येतो आणि तो रास्त आहे. परंतु विष्णुभटांचे चित्रही पंचवीस वर्षांच्या गृहस्थीच्या उजेडात रंगलेले आहेच. कोणतेही प्रवासकथन कोठेतरी पोचलेल्या माणसाने लिहिलेले असते.

परतीचे तिकीट असलेला प्रवासी

विसाव्या शतकात पायी चालणे ऐच्छिक झाले आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले. इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहातील ‘वाटचाल’ हा लेख या दृष्टीने महत्त्वाचा. बर्लिनला मानवशास्त्रातील डॉक्टरेट मिळवलेली, डेक्कन कॉलेजमध्ये अध्यापन करणारी ही विदुषी एका दिंडीबरोबर पंढरीला चालत गेली. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर; दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद, फलटण, माळशिरस अशी ही वाट आहे. पाय दुखतात, पाऊस येतो. पण थकवा असह्य झाल्यास एस.टी. अथवा आगगाडीने पुण्यास परत जाता येते. बाईंना कोणी लुटणार नव्हते. त्यामुळे पुंजी, दर्जा किंवा दैवत गमावण्याचा प्रसंग त्यांच्या लेखात येत नाही.

तरीही लेखात एक बोच आहे, आणि ती बाईंनी दडवलेली नाही. दिवसभर एकत्र चालणारी, एकच अभंग गाणारी माणसे मुक्कामावर जेवायला मात्र जातीप्रमाणे निराळी बसत. ब्राह्मणांची पंगत वेगळी, मराठ्यांची वेगळी. मानवशास्त्रज्ञ म्हणून ही गोष्ट त्यांना ठाऊकच होती. ग्रंथांतून, मोजमापांतून त्या जातिव्यवस्थेचाच अभ्यास करीत होत्या. चालून दमल्यानंतर, ज्यांच्या खांद्याला खांदा लावून वाट तुडवली त्यांच्यापासून उठून वेगळे बसावे लागते तेव्हा ती गोष्ट निराळ्या रीतीने कळते. अभ्यासकाची अलिप्तता येथे गळून पडते. याच लेखात पंढरीला जाणाऱ्या लोकांचा देश तो महाराष्ट्र, अशी व्याख्याही त्या करतात. ही व्याख्या पुढे पुष्कळ गाजली, भाषणांतून वापरली गेली. तिच्याच शेजारी उभी असलेली दोन पंगतींची वेदना मात्र तितकीशी कोणी उचलली नाही. व्याख्या आश्वासक होती, पंगत नव्हती, हे त्याचे कारण असावे.

दि. बा. मोकाशी यांचे ‘पालखी’ (१९६४) हे पुस्तक याच वाटेवरचे. त्यातील निवेदक श्रद्धाळू नाही आणि अश्रद्धही नाही; तो साशंक मनाने वारीकडे आणि वारीतल्या स्वतःकडे पाहतो. आपण यांच्यातले होऊ शकत नाही, ही जाणीव अशा लेखनाला प्रामाणिकपणा देते. त्यापुढे ते जात नाही, आणि जाण्याचा आव आणत नाही, हेही चांगलेच.

‘कुणा एका’चे निनावीपण

कथात्म साहित्यात हा विषय कसा येतो हे पाहताना आरंभी बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीचा निर्देश केला पाहिजे. विष्णुभट वरसईहून निघाले त्याच वर्षीची ही कादंबरी. शीर्षकातच पर्यटन आहे. परंतु प्रवास ही येथे विधवांची दुःखे एकामागून एक वाचकापुढे आणण्याची चौकट आहे. चालणाऱ्या शरीराशी तिचा फारसा संबंध नाही. मराठी कादंबरीला श्रमाचा प्रवास हाताळण्यास पुढे बराच काळ लागला.

गो. नी. दांडेकर यांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही या संदर्भातली ठळक कादंबरी. दांडेकरांनी कोवळ्या वयात घर सोडले होते, अनेक वर्षे ते हिंडले होते, नर्मदेची परिक्रमा त्यांनी स्वतः केली होती; त्या वणवणीच्या वर्षांकडे पुढे त्यांनी ‘स्मरणगाथा’ या आत्मकथनात पुन्हा पाहिले आणि त्या ग्रंथास १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. परिक्रमेचे नियम कडक आहेत. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, तिचे पात्र ओलांडायचे नाही, भिक्षेवर राहायचे, संग्रह करायचा नाही. १३१२ किलोमीटर लांबीच्या नदीला दोन्ही काठांनी वळसा घालण्यास परंपरेने तीन वर्षे, तीन महिने व तेरा दिवसांचा कालावधी सांगितला आहे. ‘कुणा एका’ला नाव नाही. आत्मकथनात लेखकाचे नाव मुखपृष्ठावरच असते. कादंबरी ते काढून घेऊ शकते. विष्णुभटांकडून झाशीत जे हिरावले गेले ते येथे लेखक आरंभीच काढून ठेवतो. विरक्तीच्या वाटेवर निघालेल्या या निनावी तरुणाला वाटेत अडवते ती माणसांची माया. नाव सोडता येते, माया सुटत नाही, हा त्याला होणारा साक्षात्कार कोणत्याही देवळात होत नाही.

परिक्रमेत लुटीला तर विधीचेच स्थान आहे. शूलपाणीच्या झाडीत भिल्ल परिक्रमावासीयांना लुटतात, अंगावरचे वस्त्रही काढून घेतात, आणि ही लूट म्हणजे नर्मदामाईची इच्छा, अहंकार उतरवण्याची तिची रीत, असे परिक्रमावासी मानतात. हैबतबाबांच्या आख्यायिकेतही सातपुडा होता, भिल्ल होते. जी घटना विष्णुभटांच्या बाबतीत इतिहासाचा आघात होती ती येथे साधनेचा टप्पा बनते.

येथे थोडे थांबून एक गैरसोयीचा प्रश्न विचारला पाहिजे. या सर्व कथांत लुटला जाणारा माणूस स्वतःकडे पाहतो. लुटणारा मात्र केवळ निमित्त असतो. वाटसरूचे धोतर ज्याने उतरवून घेतले त्याला त्या धोतराची गरज का पडली, हे परिक्रमेचे साहित्य क्वचितच विचारते. त्याचे दारिद्र्य, त्याच्या जंगलावर वनखात्याने आणलेले निर्बंध, सावकाराचे देणे यांना दैवी लीलेचे रूप दिले की यात्रेकरूचे आत्मदर्शन निर्वेध पार पडते. एका माणसाच्या अंतर्मुखतेसाठी दुसऱ्याला देखाव्याचा भाग व्हावे लागते, हा या साहित्यप्रकाराचा सर्वांत मोठा दोष म्हटला पाहिजे. विष्णुभट या दोषापासून बरेच मुक्त आहेत. आपल्याला लुटणाऱ्यांना ते देवाचे दूत मानत नाहीत. त्यांना ते भितात आणि काय काय नेले ते सांगतात.

ती झाडी आता पूर्वीची राहिलेली नाही. सरदार सरोवर धरणाच्या जलाशयात महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बुडिताखाली आली. त्यांपैकी मणिबेली हे पहिले. तेथील शूलपाणेश्वराचे जुने मंदिरही १९९० च्या दशकात पाण्याखाली गेले. २०१७ मध्ये धरण १३८.६८ मीटर या पूर्ण उंचीवर राष्ट्राला अर्पण झाले. परिक्रमेची वाट काठावरून दूर सरकली, आणि परिक्रमावासीयांना लुटणारे म्हणून जे ओळखले जात त्यांच्या मुलानातवंडांना घरे, शेते आणि देव सोडून तळोदा-सोमावलकडच्या पुनर्वसन वसाहतींत उतरावे लागले. या वेळी चालणारे तेच होते. त्यांच्या त्या प्रवासाचे व त्याआधीच्या दीर्घ लढ्याचे कथन नंदिनी ओझा यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या मुलाखतींवर आधारलेल्या ‘लढा नर्मदेचा’ या मौखिक इतिहासात नर्मदाकाठच्या आदिवासी कार्यकर्त्यांच्याच शब्दांत आले आहे. प्रवासवर्णनाच्या अभ्यासक्रमात तो ग्रंथ लावला जात नाही; तो विस्थापनाच्या, चळवळीच्या साहित्यात मोडतो. विष्णुभटांचा ग्रंथ जसा बंडाच्या साधनांत मोडला गेला, तसाच.